ओट्यावरचे पोहे

पहिल्या दिवशी रघुवीररावांना वाटलं, कुणीतरी चुकून ठेवली असेल. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर ओट्यावर पोह्यांची प्लेट, वर्तमानपत्राच्या कागदानं झाकलेली. कागद उचलला तर पोह्यांवर बारीक शेव, जीरावणाचा मसाला, कडेला दोन जिलब्या, आणि पोह्यांतून अजून वाफ निघत होती. म्हणजे ठेवणारा लांब गेला नव्हता. तो गल्लीच्या तोंडाशी बाइकवर बसला होता. यशवर्धन भियाचा उजवा हात, जिमवाला वेदांत.

"भियाने भेजा है, काका!" तो तिथूनच ओरडला. "खाऊन घ्या. ठंडे हो जाएँगे."

इंदुरात पोहे बघून कुणाच्या पोटात गोळा आला, असं आजवर झालं नसेल. इथं लोक परीक्षेला जाताना पोहे खातात आणि निकाल बिघडला तरी पोहेच खातात. रघुवीररावांच्या पोटात मात्र गोळा आला. त्यांनी प्लेट उचलली नाही, बाजूला सारायचीही छाती झाली नाही. दूध घेतलं, दार लावलं आणि आतून कडी घातली. जुनी इंदूर भागातल्या त्या गल्लीत दिवसाउजेडी कडी कोणी घालत नाही.

ते एवढे का घाबरले, हे कळायला त्यांचा एक जुना हट्ट सांगावा लागेल.

रघुवीरराव नेवासकर विमा कचेरीतून निवृत्त झालेले. सडपातळ, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे, कुणाच्या अध्यात नाहीत नि मध्यात नाहीत. पण मत हा एक विषय असा, की तिथे त्यांचा कणा ताठ व्हायचा. ते कोणाचेच नव्हते. गल्लीतलं प्रत्येक घर कोणाचं ना कोणाचं होतं. निवडणूक आली की गच्च्यांवर झेंडे चढायचे आणि कुठलं घर कुठल्या बाजूला ते पोस्टमनलाही कळायचं. नेवासकरांच्या गच्चीवर फक्त धुतलेले कपडे वाळत असायचे. ते दोन्हीकडच्या सभा ऐकायचे, दोघांची पत्रकं चष्मा लावून वाचायचे, मग मनाशी ठरवून मत द्यायचे. कधी याला, कधी त्याला. कोणाला, ते बायकोलाही सांगत नसत. सुलोचनाबाईंनी लग्नानंतर काही वर्षं विचारून पाहिलं, मग नाद सोडला.

आणि मताच्या दिवशी ते बाहेरचं काही खात नसत. गल्लीची रीत अशी, की मत देऊन आलं की बोटाची शाई दाखवायची आणि आपल्या माणसाच्या ओट्यावर बसून पोहे खायचे. कोण कोणाच्या ओट्यावर बसलं यावरून संध्याकाळपर्यंत सगळा अंदाज लागायचा, आणि तो सहसा चुकायचा नाही. रघुवीररावांचे वडील सांगायचे, त्या दिवशी घरचंच खावं. मुलानं ते पाळलं. दोन्ही ओट्यांवरून हाका यायच्या आणि हा माणूस शाईचं बोट खिशात घालून, मान खाली घालून घरी यायचा. "नेवासकर काका कोणाचे? कोणाचेच नाही!" असं म्हणून पोरं हसायची. त्या चेष्टेचा त्यांना आतून अभिमान वाटायचा. बिचाऱ्यांचा गर्व म्हणावा तर तेवढाच.

यंदाची निवडणूक म्हणजे साधी पोटनिवडणूक. जुने पार्षद, म्हणजे नगरसेवक, वारले, वॉर्डाची जागा रिकामी झाली आणि यशवर्धन भिया उभा राहिला. इंदुरात दादाला भिया म्हणतात; हा भिया याच गल्लीतला. घराणं जुनं, होळकरांच्या फौजेतलं. दिवाणखान्यात पणजोबांची तलवार टांगलेली. तलवार गंजली होती, पण भियाच्या मिशीला पीळ रोज ताजा असायचा. त्याच्यासमोर शंतनु नावाचा तरुण, शेजारच्या गल्लीत कोचिंग क्लास चालवणारा. लोकांना तो आवडायला लागला होता. मग एका दुपारी क्लासवरून परतताना कोणीतरी त्याचा उजवा हात मोडला. कोणी, ते त्यानं पोलिसांनाही सांगितलं नाही. डाव्या हातानं सही करून त्यानं अर्ज मागे घेतला आणि घरात बसला. उरला एक अपक्ष, कुकर निशाणीवाला. अर्ज मागे घ्यायला तो उशिरा पोचला म्हणून उरला होता, आणि रोज भियाच्याच ओट्यावर पोहे खात होता.

म्हणजे निवडणुकीत काही राम उरला नव्हता. पण भियाला तेवढ्यानं समाधान नव्हतं. त्यानं भर सभेत, पक्षाच्या मोठ्या साहेबांसमोर माइक हातात घेऊन सांगितलं, "मेरे घर के बूथ से एक वोट भी इधर-उधर गया, तो ये मूँछ मुंडवा दूँगा!" टाळ्या पडल्या. ज्यांचं मत त्या बूथवर होतं त्यांनी जरा जास्त जोरात वाजवल्या.

रघुवीररावांनी ठरवलं होतं, नोटा दाबायचा. यापैकी कोणीही नाही. शंतनुचा प्लास्टरमधला हात त्यांनी किराणा दुकानात पाहिला होता. त्याला पिशवीची गाठ मारता येत नव्हती, ती रघुवीररावांनी मारून दिली होती. मताच्या दिवशी आंघोळ करताना त्यांनी मनाशी घोकलं, सगळ्यात खालचं बटण, सगळ्यात खालचं.

शाळेच्या फाटकाशी वेदांतनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता. "काका, ध्यान से हाँ. आजकल मशीन सब बताती है."

आत शुकशुकाट होता. लढतच नाही म्हटल्यावर आपणहून कोण येतं? भियाची पोरं घराघरातून आणतील तेवढेच मतदार. रघुवीरराव पुठ्ठ्याच्या आडोशामागे वाकले आणि त्यांचं लक्ष भिंतीच्या कोपऱ्यात गेलं. तिथं एक लहानसा लाल दिवा जळत होता. कॅमेरा! तो दिवा थेट त्यांच्या बोटाकडे बघत होता. डोळ्यांसमोर शंतनु आला, त्याची न बांधलेली पिशवी आली. मग त्यांची मुलगी देवयानी आली. घराच्या पुढच्या खोलीत तिनं नुकतंच ब्यूटी पार्लर थाटलं होतं आणि आता कुठे चार बायका यायला लागल्या होत्या. बोट खाली न्यायचं होतं, ते वरच, भियाच्या बटणावर राहिलं. मशीन लांब वाजलं.

दाराशी पोचल्यावर त्यांनी एकदा वळून पाहिलं. भिंतीत खोचलेलं ते डास पळवायचं मशीन होतं.

डासांच्या मशीनला भिऊन नेवासकरांनी आपलं मत देऊन टाकलं. बाहेर पडताना त्यांना रडू येईल की काय असं झालं. भियाच्या ओट्यावर कढई चढली होती आणि भियाची आई, जनाबाई, स्वतः प्लेटा भरत होती. सुलोचनाबाई आधीच मत देऊन तिथं बसल्या होत्या आणि वरून जीरावण मागून घेत होत्या. "या ना काका, या टाइमला तरी या," असा पुकारा झाला. रघुवीररावांना वाटलं, मत तर गेलंच, निदान पोहे तरी नकोत. "पोट बरं नाही," असं पुटपुटून ते घरी आले. या एका न खाल्लेल्या प्लेटेनं पुढं त्यांचा घात केला.

मोजणीच्या दिवशी बूथवार आकडे आले. भिया भरघोस मतांनी निवडून आला. त्याच्या घरच्या बूथवर भियाला दोनशे दहा, कुकरला शून्य, नोटाला एक.

दुपारपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक फोनवर एक फोटो फिरला. न्हाव्याचा वस्तरा, आणि खाली लिहिलेलं, "भिया, मूँछ कब?" मिरवणूक निघाली, ढोल वाजले, पण फुलांच्या हारात भियाचा चेहरा आवळून धरल्यासारखा दिसत होता.

रघुवीररावांना तो आकडा कळला तेव्हा आधी आनंद झाला. या गल्लीत एक तरी खरा माणूस आहे, आणि आपल्यापेक्षा धीट आहे. मग त्यांच्या लक्षात आलं की सगळी गल्ली तो माणूस कोण हे ठरवून मोकळी झाली असेल. ज्यानं आयुष्यभर कोणाचेच पोहे खाल्ले नाहीत, आणि परवाही खाल्ले नाहीत, त्याच्याशिवाय दुसरं कोण असणार?

दुसऱ्याच सकाळी ती पहिली प्लेट आली. मग रोजच यायला लागली. कालची तशीच पडलेली असायची, मुंग्या लागलेली, आणि तिच्या शेजारी आजची गरम. कोणी दमदाटी केली नाही, शिवी दिली नाही. वेदांत आणि आणखी दोघं ओट्यावर येऊन बसायला लागले, इतकंच. मोबाइल बघत बसायचे. कोणी बाई पार्लरकडे वळली की तिघं मान वर करून तिच्याकडे बघायचे आणि बाई पुढं निघून जायची. देवयानी रिकाम्या खुर्चीपाशी उभी राहून आरसे पुसत राहायची.

"बाबा, तुम्ही एकदा जाऊन भेटून या ना भियाला," ती म्हणाली. "सॉरी बोलून टाका. सीन खतम करा."

"कशाबद्दल सॉरी?"

"आता ते मी काय सांगू? तुम्हालाच माहीत."

म्हणजे घरातही खात्री होती. सुलोचनाबाई भाजी आणायला मागच्या बोळातून जात होत्या. बाइकचा आवाज आला की रघुवीरराव वर्तमानपत्राची घडी करून आतल्या खोलीत जायचे. आपला उजवा हात ते उगाचच डाव्या हातात धरून बसायचे. झोपेतही तसाच धरलेला असायचा, असं सुलोचनाबाईंनी पाहिलं होतं.

मग कळलं, भिया शपथा घेतोय. खजराना गणपतीचा लाडूचा प्रसाद आणून त्यानं चांदीच्या तबकात ठेवला होता आणि बूथवरच्या एकेका माणसाला बोलावून त्यावर हात ठेवायला लावत होता. बोला, मत कोणाला दिलं? बापे झाले की बायका, आणि शेवटी स्वतःच्या घरच्या बायका, म्हणजे भेदभाव केला असं कोणी म्हणायला नको. खजरान्याच्या गणपतीची खोटी शपथ या गल्लीत अजून कोणी घेतली नव्हती. नेवासकरांना मात्र बोलावणं येत नव्हतं. त्यांना भिया मुद्दाम बाप्यांत शेवटी ठेवत होता.

त्या दिवशी जेवताना रघुवीररावांना एकदम सुचलं, आणि इतकं हलकं वाटलं की घास हातातच राहिला. आपण भ्यायचं कशाला? आपण तर मत भियालाच दिलंय! तबकावर हात ठेवायचा आणि खरं ते सांगायचं. गणपती साक्षीला आहेच. प्लेटा बंद, पोरं बंद, पार्लर चालू. सांगताना मान खाली जाईल हे खरं. सगळ्या गल्लीला कळेल की कोणाचेच नसलेले नेवासकर शेवटी सगळ्यांसारखेच निघाले. पण अब्रू काय चाटायची आहे? त्यांनी ठरवलं, बोलावण्याची वाट बघायची नाही. उद्या सकाळी आपणच जायचं.

सकाळी त्यांनी कडी काढली, तर ओट्यावर पोरं नव्हती. प्लेट घेऊन जनाबाई स्वतः उभी होती. पदर डोक्यावरून घेतलेला, श्वास लागलेला.

"वेदांतला मी नुक्कडवर पाठवलं, दही आणायला," ती म्हणाली. "भाऊ, आत येऊ द्या. जरा काम होतं."

सगळी गल्ली तिला माई म्हणायची. रघुवीररावांनी तिला पार्लरच्या खोलीत बसवलं. आरशांच्या मध्ये, फिरत्या खुर्चीवर ती म्हातारी अवघडून बसली. प्लेट मांडीवर तशीच होती.

"तुम्ही शिकलेले आहात म्हणून विचारते. खजरान्याच्या प्रसादावर हात ठेवून माणूस झूठ बोलला, तर काय होतं? काही माफी असते का? मजबूरी असेल तर?"

"कोणाची मजबूरी, माई?"

तिनं मांडीवरची प्लेट सावरली. मग म्हणाली, "ते बटण मी दाबलं."

रघुवीररावांना ऐकू आलं, पण कळलं नाही.

"नोटा का काय म्हणतात ते. सगळ्यात नीचेवालं." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "त्या शंतनुचा हात मोडला ना, त्या दिवशी यशू घरी आला अन् शर्ट मोरीत टाकला. रोज बाई धुते कपडे, पण तो शर्ट मीच धुतला. रक्ताचे डाग होते, पण त्याचं खून नव्हतं ते. याला कुठं खरोंच पण नव्हती. भाऊ, मी बटण दाबायला गेली तर हातच चालेना. पेटचा पोरगा आहे, त्याला सोडून दुसऱ्याला कशी देऊ? अन् त्याला पण कशी देऊ? म्हणून शेवटचं दाबलं. मला काय माहीत, माझं एकटीचंच निघेल!"

"मग तुम्ही सांगून टाका त्याला. आई आहात तुम्ही. आईला काय करणार तो?"

"मला काही नाही करणार." तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "त्याला वाटेल शंतनुनं मला फोडली. तो पोरगा दोनदा माझ्या पाया पडायला आला होता, सगळ्यांनी बघितलंय. एक हात मोडलाय त्याचा. दुसरा राहिलाय ना अजून."

बाहेर बाइक थांबली. जनाबाई इतकी दचकली की जिलबी खाली पडली. ती वाकून उचलायला गेली, तर हात जमिनीपर्यंत पोचेना. रघुवीररावांनी उचलून दिली. तिचे डोळे त्यांच्याच डोळ्यांसारखे झाले होते. गेले कितीक दिवस दाढी करताना ते असेच डोळे बघत होते.

"काल बापे संपले," उठताना ती म्हणाली. "आज तुम्हाला बोलावणार आहे. तुम्ही नाही म्हणाल, तुमचं बरोबरच आहे, तुम्ही कशाला दुसऱ्याचं अंगावर घ्याल. मग उद्या आम्ही बायका. मी फक्त विचारायला आली होती, माफी असते का म्हणून."

तिनं त्यांच्याकडे काहीच मागितलं नाही. मागितलं असतं तर त्यांना नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

बोलावणं दुपारी आलं. रघुवीरराव निघाले. मनात दोन वाक्यं तयार होती. एक खरं होतं, गणपतीला चालणारं होतं आणि घरी सुखरूप नेणारं होतं. ते म्हणायचं, असंच त्यांनी भियाच्या ओट्याच्या पायरीपर्यंत ठरवलेलं होतं.

ओट्यावर पंधरा-वीस माणसं होती. मधे खुर्चीवर यशवर्धन भिया, मिशी जागच्या जागी. स्टुलावर चांदीचं तबक. मागं दाराच्या चौकटीला धरून जनाबाई.

"आओ काका, आओ. बसा." भियाचा आवाज मधासारखा गोड होता. "पोहे नाही आवडले वाटतं आपले. रोज पडून राहतात."

"पोट..."

"हाँ हाँ, पोट. लंबं चाललंय पोट तुमचं." सगळे हसले. भियानं हात वर केला तसे गप्प झाले. "देखो काका, मी तुमची इज्जत करतो. तुम्ही कोणाचेच नाही, बचपन से ऐकून राहिलो. पण घरच्या बूथवर ये नहीं चलेगा. आता बस हात ठेवा अन् बोला, मत यशवर्धनला दिलं. मी मानून जाईन. मैटर खतम. मग शोधतो, दुसरं कोण राहिलं ते." मग तो हसत मागं वळला. "तसे पोहे तर त्या दिवशी माईनं पण नव्हते खाल्ले. उपास होता म्हणे. काय गं माई, कोणता उपास होता?"

तो चेष्टेनंच म्हणाला. पण जनाबाईला हसता आलं नाही. तिनं चौकट आणखी घट्ट धरली आणि तोंड उघडलं. भियाचं हसू हळूहळू कमी व्हायला लागलं. तो आईकडे बघत राहिला, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

रघुवीररावांनी तबकावर हात ठेवला. लाडूचं तूप बोटांना लागलं.

"नोटा मी दाबला," ते म्हणाले.

आवाज इतका लहान निघाला की मागच्यांना ऐकू गेला नाही. भिया मात्र झटकन वळला. "क्या बोले?"

"खजराना गणपतीची शपथ. नोटा मी दाबला."

आता सगळ्यांनी ऐकलं.

"क्यों?" भियानं विचारलं. त्याच्या आवाजात राग होता, पण खरंच न कळल्यासारखंही काही होतं. "मी काय बिघाडलं होतं तुमचं?"

रघुवीररावांनी तयारी केली होती ती फक्त भ्यायची. मग त्यांच्या तोंडून सकाळी ऐकलेलंच बाहेर पडलं. "तुला द्यायला हातच चालेना, बेटा. अन् तुला सोडून दुसऱ्याला देणंही जमेना. याच ओट्यावर रांगताना पाहिलंय तुला. म्हणून शेवटचं दाबलं."

चौकटीपाशी जनाबाईनं पदर तोंडात कोंबला. भियाला ते दिसलं नाही. तो रघुवीररावांच्या हाताकडे बघत होता. रघुवीररावही आपल्या हाताकडेच बघत होते. तो अजून तबकावर होता आणि त्यांना उचलता येत नव्हता.

"ठीक है," भिया शेवटी म्हणाला. "खरं बोलले, चांगलं केलं. जा." ते पायरी उतरेपर्यंत तो थांबला. "काका, ओटा बहुत बाहर आ गया है तुम्हारा. रस्त्यात येतो. अन् देवयानीला सांगा, बोर्ड उतरवून ठेव. उगाच कोणाचा दगड-बिगड लागला तर काच फुटेल."

घरी जाताना त्यांनी मागं पाहिलं नाही. बाइक मागून हळूहळू येत होती, त्यांच्या चालीनं. दार लावून त्यांनी कडी घातली आणि तिथंच पाठ टेकून उभे राहिले. शंतनुचा दुसरा हात वाचला होता. आपला किती दिवस वाचेल, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. देवयानी स्टूल घेऊन बाहेर गेली आणि पार्लरचा बोर्ड उतरवून आत घेऊन आली. तो भिंतीला टेकवून ठेवताना तिनं बापाकडे एकदा पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

सुलोचनाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांच्या हातात प्लेट होती. घरचे पोहे. कांदा थोडा करपलेला. त्यांनी प्लेट नवऱ्यासमोर ठेवली आणि बाजूला बसल्या.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला इतका राग येत होता तुमचा, की घरदार सोडून यांना एका बटणाची पडलीये. पण आज तुम्ही सगळ्यांसमोर बोलले, हात ठेवून बोलले." त्यांनी प्लेट आणखी पुढे सरकवली. "मी तर घाबरून त्यालाच दिलं हो. तो वेदांत बोलला ना मशीन सब बताती है, मग माझी हिंमतच नाही झाली. तुम्ही नाही घाबरले."

रघुवीररावांनी चमचा खाली ठेवला. या एका माणसाला तरी खरं सांगायला हवं होतं. इतक्या वर्षांत मत कोणाला दिलं ते त्यांनी तिला कधीच सांगितलं नव्हतं. आज सांगावंसं वाटलं, आणि आजच सांगता येत नव्हतं. तिच्या तोंडून ते मागच्या बोळात गेलं असतं, बोळातून ओट्यावर, आणि ओट्यावरून माई धरून उभी होती त्या चौकटीपर्यंत.

"मीही खूप घाबरलो होतो गं," ते एवढंच म्हणाले.

"असाल," सुलोचनाबाईंनी डोळे पुसले आणि त्यांच्या पोह्यांवर आणखी थोडं जीरावण घातलं. "पण दाबलं ना."